राजकन्येचा रंग आणि कथेची मालकी

गौरी-गणपतीच्या दिवसांतली गोष्ट. खांबच्या आमच्या घरी सहा वर्षांची पुतणी पडवीत बसून चित्र काढीत होती. चित्र राजकन्येचे होते. मुकुट झाला, घोळदार झगा झाला, आणि मग चेहरा रंगविण्यासाठी तिने पेटीतून फिकट गुलाबी खडू उचलला. या खडूला मुले ‘स्किन कलर’ म्हणतात. शेजारचा तपकिरी खडू झाडांचे बुंधे रंगवून अर्धा झिजला होता. “हा का नको?” असे विचारताच ती सहज म्हणाली, “काका, राजकन्या अशी नसते!” हे सांगणाऱ्या मुलीचा स्वतःचा हात त्या तपकिरी खडूच्याच जवळचा होता, परंतु ते तिच्या ध्यानीही नव्हते.

महागाई, बेकारी आणि दीड दशक लांबलेले महामार्गाचे चौपदरीकरण हे विषय सोडून अर्थशास्त्राच्या अध्यापकाने कार्टूनमधील राजकन्यांविषयी काय म्हणून लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु मुलांच्या मनात कोणत्या वस्तूला किती मोल आहे, हे ठरविणारी यंत्रणा बाजारपेठेइतकीच प्रभावी असते. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या सुमारास कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ ठरविली. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४च्या ऐतिहासिक खटल्यात या संशोधनाचा आधार घेतला गेला. आपल्याकडे १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध मलमाला २०२० साली आपल्या नावातील ‘फेअर’ हा शब्द गाळावा लागला. मधली पंचेचाळीस वर्षे हा माल खपत राहिला, कारण त्याची मागणी कारखान्यात नव्हे, तर घराघरांत आणि विवाहाच्या जाहिरातींत निर्माण होत होती. त्या मागणीचे बी बालपणीच पेरले जाते.

डिस्नेचा पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट १९३७ सालचा. त्याची नायिका बर्फासारखी गोरी, म्हणून तिचे नाव स्नो व्हाइट. मराठीने तिला ‘हिमगौरी’ हे सुंदर नाव दिले, पण त्या नावातही गोरेपणा दोनदा आला! त्यानंतर सिंड्रेला आली, निद्रिस्त राजकन्या आली, जलपरी आली. साऱ्या युरोपीय वळणाच्या. या पंक्तीत युरोपाबाहेरची पहिली राजकन्या बसली ती १९९२ साली, ‘अलादीन’मधील जास्मिन, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. पहिली कृष्णवर्णीय नायिका टियाना आली २००९ साली, म्हणजे बहात्तर वर्षांनी. दरम्यान १९९५ साली पोकाहॉन्टस आणि १९९८ साली मुलान येऊन गेल्या होत्या. २०१६ साली पॅसिफिक बेटांवरची मोआना आली.

हा क्रम पाहून ‘जग सुधारले’ असे समाधान मानून घेण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ‘अलादीन’च्या आरंभीच्या गाण्यात अरबांविषयी अवमानकारक शब्द होते, अरबवंशीय अमेरिकनांनी आवाज उठविल्यावर १९९३ साली ते बदलले गेले. पोकाहॉन्टस ही इतिहासातील खरी व्यक्ती. १६०७ साली इंग्रज तिच्या प्रदेशात उतरले तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची मुलगी होती. इंग्लंडला नेल्यावर १६१७ साली, पंचविशीही न गाठता, ती परक्या भूमीत वारली. पडद्यावर मात्र तिची प्रेमकथा झाली. तिच्या जमातीच्या वारसांनी आक्षेप घेतला, तो व्यर्थ गेला. चेहरा तिचा घेतला. कथा मात्र दुसऱ्यांच्या सोयीची राहिली.

टियानाचे उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. पंक्तीतल्या काही राजकन्या विवाहाची वाट पाहतात. ही दोन-दोन ठिकाणी राबते, बक्षिशीची नाणी डब्यात साठविते आणि स्वतःचे उपाहारगृह काढण्याचे स्वप्न बाळगते. जागेचे दलाल ऐन वेळी तिला नकार देतात आणि तिच्यासारख्या ‘पार्श्वभूमी’च्या बाईने या फंदात पडू नये, असेही सुचवितात. बचत आहे, कष्ट आहेत, पण पत नाही, ही विषमतेची खरी कहाणी येथे थोडक्यात आली आहे. तथापि ही पहिली कृष्णवर्णीय नायिका चित्रपटाचा बराचसा काळ हिरव्या बेडकीच्या रूपातच वावरते! एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यावे, तसा हा प्रकार झाला.

मग खरे प्रतिनिधित्व कशाने येते? याचे एक बोलके उदाहरण युरोपच्या उत्तर टोकाला सापडते. तेथे रेनडिअर पाळणारा सामी नावाचा आदिवासी समाज राहतो. २०१३च्या ‘फ्रोझन’ या चित्रपटात सामी गायनशैलीचा आणि वेशभूषेचा वापर झाला, पण त्या समाजाला कोणी विचारले नव्हते. दुसरा भाग निघणार असे कळताच सामी प्रतिनिधी स्वतः पुढे झाले. नॉर्वे, स्वीडन व फिनलंडमधील सामी संसदा आणि सामी परिषद यांनी निर्मात्यांशी २०१९ साली लेखी करार केला. सल्ला घ्यावा, चित्रण आदराने करावे आणि चित्रपट उत्तर सामी भाषेतही काढावा, असे ठरले. त्याप्रमाणे तो निघाला. ही भाषा बोलणारे लोक अवघे वीस-पंचवीस हजार. ‘मोआना’देखील २०१७ साली न्यूझीलंडच्या माओरी भाषेत उपलब्ध झाला. येथे औदार्याचा भाग गौण आहे. संघटित समाजाने आपल्या कथेवरचा हक्क सांगितला आणि तो करारात उतरविला, हा मुख्य भाग आहे.

२०११च्या जनगणनेप्रमाणे मराठी ही आठ कोटी तीस लाख लोकांची मातृभाषा आहे. तोच ‘फ्रोझन’चा दुसरा भाग भारतात हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांतून आला. मराठी मुलाला हिंदी समजते, तेव्हा वेगळा खर्च कशाला, हा त्यामागचा व्यापारी हिशेब असणार. तमिळ व तेलुगू प्रेक्षक आपल्या भाषेचा आग्रह धरतो, आपण धरीत नाही. मागणीच नोंदविली नाही, तर पुरवठा होत नाही, हा नियम येथेही लागू पडतो.

तेव्हा सगळा दोष परक्यांच्या पदरात टाकून मोकळे होता येणार नाही. २००८ साली सुरू झालेला ‘छोटा भीम’ हा आपल्याच देशातला. त्यात भीमाशी सतत स्पर्धा करणाऱ्या दांडगट मुलाचे नाव काय, तर ‘कालिया’! मुंबईतून १९६७ साली सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथे’ने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पुराणे शिकविली, हे ऋण मान्यच आहे, पण तिच्या नायिका गोऱ्या आणि राक्षस काळे असतात, हा अभ्यासकांचा आक्षेपही खोटा नाही. मुळात पुराणकथेतली पार्वतीच सावळी होती. शंकराने तिच्या रंगावरून थट्टा केली म्हणून तप करून ती ‘गौरी’ झाली, असे सांगतात. ज्या देशात देवीलाही गोरेपणासाठी तप करावे लागले, तेथे सहा वर्षांच्या मुलीने तपकिरी खडू बाजूला ठेवला, याचे आश्चर्य कशाला?

पण त्याच परंपरेत दुसरेही धन आहे, आणि ते आपण मुलांच्या हाती दिलेले नाही. महाभारताची नायिका द्रौपदी सावळी. तिचे नावच ‘कृष्णा’. आपल्या विदर्भाने तर भारतीय साहित्याला राजकन्यांची एक मालिकाच दिली आहे. देवांनी नळाचे रूप घेतले असतानाही दमयंतीने त्यांतून खरा नळ ओळखला आणि पुढे हरवलेल्या पतीचा शोधही तिनेच घेतला. कालिदासाने रघुवंशाचा सहावा सर्ग विदर्भाच्या इंदुमतीच्या स्वयंवराला दिला. ‘छोटा भीम’मधील ढोलकपूरच्या राजकन्येचे नावही इंदुमतीच आहे, पण हा धागा मुलांना कोण सांगतो? अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूरची रुक्मिणी तर घरच्यांनी ठरविलेला वर नाकारून स्वतः पत्र धाडते. तेराव्या शतकात महदाइसेने या रुक्मिणीच्या विवाहाचे ‘धवळे’ रचले. मराठीतल्या आद्य कवयित्रीच्या काव्याचा विषय अशी ही मनस्वी राजकन्या आहे. शंभर वर्षे निजून राहणारी राजकन्या आपल्याला आयात करावी लागते आणि स्वतः निर्णय घेणारी घरची राजकन्या अडगळीत पडते, हा व्यवहार घाट्याचा आहे.

आणि तरीही एक प्रश्न उरतोच. या साऱ्या राजघराण्यांच्या कथा झाल्या. रोहा, पेण, सुधागड या आमच्या तालुक्यांत डोंगरउतारावर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रातील कातकऱ्यांची संख्या अडीच लाखांहून अधिक, म्हणजे उत्तर सामी भाषकांच्या कितीतरी पट. त्यांची स्वतःची बोली आहे, स्वतःच्या कथा आहेत. पावसाळा सरला की यातली अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मुलीही. या मुलीचा चेहरा ना कार्टूनमध्ये आहे, ना आपल्या चित्रकथांत. सामींना संसद आहे. हिच्या वतीने करार करायला कोण बसणार? राजकन्यांच्या विविधतेची चर्चा मुंबई-पुण्याच्या सावळ्या मुलींपाशी थांबली, तर तीही अर्धवटच ठरेल.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये ॲनिमेशन, गेमिंग व कॉमिक्स आदी उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले असून त्यासाठी २०५०पर्यंत ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आखला आहे. या पैशातून परदेशी चित्रपटांची मजुरीवरची कामे करणारे कुशल कारागीर तेवढे घडणार, की आपल्या कथाही उभ्या राहणार, हे आत्ताच विचारले पाहिजे. कार्टूनपटाचा बहुतेक खर्च चित्रे काढण्यात होतो. एकदा ती तयार झाली की आणखी एका भाषेतील आवाजाचा खर्च त्या मानाने अल्प असतो. म्हणूनच अनुदान घेणाऱ्या प्रत्येक बालपटाची मराठी आवृत्ती सक्तीची करणे अवाजवी नाही. बोलीभाषांतील कथांसाठी निधीचा ठराविक वाटा राखून ठेवावा आणि कथा देणाऱ्या समाजाचे नाव व मोबदला करारातच नमूद करावा. बाजार हे आपण होऊन करणार नाही. जेथे बाजार अपुरा पडतो तेथे शासनाने उतरावे, हे तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे पुस्तकही सांगते.

परंतु सगळेच शासनावर सोपवून आपण शिक्षकांनी स्वस्थ बसणे योग्य नव्हे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सुटीत आपल्या आजीच्या, शेजारच्या वाडीवरच्या म्हातारीच्या कथा तिच्याच बोलीत, तिच्या संमतीने आणि तिच्या नावानिशी उतरवून घ्याव्यात. प्राथमिक शिक्षकांनी चित्रकलेच्या तासाला दमयंतीची, द्रौपदीची गोष्ट सांगून मग खडू हाती द्यावेत. आणि ‘स्किन कलर’ हे एका खडूचे नाव नव्हे, हे त्याच तासाला सांगून टाकावे. याला अनुदान लागत नाही, परिपत्रकही लागत नाही.

त्या दिवशी पुतणीला मी रुक्मिणीच्या पत्राची गोष्ट सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, “मग तिचा रंग कसा होता?” मी म्हटले, “तूच ठरव.” तिने बराच वेळ पेटीकडे पाहिले. चित्र त्या दिवशी अपुरेच राहिले; पण ‘राजकन्या अशी नसते’ हे वाक्य पुन्हा काही तिने उच्चारले नाही.