छत कुणाचं, ऊन कुणाचं? उपनगरातल्या मोहल्ल्यांसाठी सौरऊर्जेचा हिशोब

केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना' सुरू केली. एक कोटी घरांवर सौर पॅनल बसवण्याचं उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार रुपये अनुदान, तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. आकडे चांगले आहेत. पण अर्जाच्या पहिल्याच अटीपाशी आपल्या मोहल्ल्यातली बहुतेक कुटुंबं थांबतात. घर स्वतःचं हवं आणि त्यावर पॅनल बसेल असं छत हवं.

अंधेरीची गावदेवी डोंगरी, जोगेश्वरीचा बेहरामबाग, घाटकोपरचा असल्फा, मालाडची मालवणी. इथं दहा बाय बाराच्या खोलीवर पत्रा असतो, पत्र्यावर दुसऱ्याची खोली असते, आणि त्या खोलीचा मालक तिसराच असतो. एसआरएच्या इमारतीत राहणाऱ्याला गच्ची दिसते, पण ती सोसायटीची. भाडेकरूला तर तेवढंही नाही. ऊन मात्र सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच पडतं.

मग छत नसलेल्यांनी काय करायचं? आमच्या मते करण्यासारखं बरंच आहे. फक्त क्रम बरोबर हवा. आधी मोजायचं, मग छोटं काही बनवायचं आणि शेवटी सामायिक छताकडे वळायचं. या तिन्ही पायऱ्यांवर शाळा-कॉलेजातली मुलं पुढे असू शकतात, कारण लागणारं सामान आता काही शेकड्यांत मिळतं आणि लागणारं कसब आपल्या गल्लीत आधीपासून आहे.

सुरुवात मीटरपासून

विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं हमखास पॅनल आणि दिवा घेऊन येतात. आम्ही सुचवू की पहिला प्रकल्प मीटर वाचण्याचा करा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी एक आकडा छापलेला असतो, समजा ३२००. त्याचा अर्थ, तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

घरात फक्त पंखा सुरू ठेवा आणि दहा मिनिटं मोजा. जुना ७५ वॉटचा पंखा असेल तर दिवा सुमारे ४० वेळा लुकलुकेल. तेवढीच हवा देणारा बीएलडीसी पंखा ३० वॉट घेतो, तो लावला तर सोळाच वेळा. हेच काम एक प्रकाश ओळखणारा सेन्सर आणि ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड चोवीस तास करू शकतो. सेन्सर दिव्यासमोर धरायचा, बोर्ड मोजणी करेल आणि वायफायवरून आकडा मोबाईलवर पाठवेल. एकाही वायरला हात लावावा लागत नाही, मीटरचं सील उघडावं लागत नाही.

हा खेळ वाटेल, पण त्यात पैशाची गोष्ट आहे. वस्तीतल्या कितीतरी भाडेकरूंना बिल कंपनीकडून येत नाही. घरमालकाच्या सब-मीटरवरून आणि तो सांगेल त्या दरानं येतं. महिन्याचा स्वतःचा आकडा हातात असेल तर बोलताना आवाजात जोर येतो. शिवाय पंधरा तास चालणारा पंखा बदलला तर महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. हे २० युनिट लक्षात ठेवा, पुढं कामाला येतील.

खिडकीतलं पॅनल किती देतं?

आता पॅनलकडे येऊ. खिडकीच्या जाळीला २० वॉटचं पॅनल बांधलं आणि त्यावर रोज तीन तास थेट ऊन आलं, असं धरू. कागदावर ६० वॉट-तास होतात. उष्णता, धूळ, बॅटरीतली गळती वजा केली की हातात साधारण ४० उरतात.

४० वॉट-तासांत पाच वॉटचा एलईडी दिवा आठ तास जळतो. आठ वॉटचा वायफाय राउटर पाच तास चालतो. बीएलडीसी पंखा सव्वा तास चालेल. दीड हजार वॉटचा एसी दीड मिनिटात सगळं संपवेल.

रुपयांत बघितलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. महिन्याला ही वीज सव्वा युनिटच्या आसपास भरते. युनिटचा दर दहा रुपये धरला तरी बचत बारा रुपये. म्हणजे 'खिडकीत सोलर लावा, बिल शून्य करा' असं कुणी सांगत असेल तर तो आपल्याला टोपी घालतोय. पंखा बदलून वाचलेले २० युनिट याच्या सोळा पट आहेत.

तरीही हा प्रकल्प करावा असं आम्ही म्हणतो, कारण त्याचा फायदा वीज गेल्यावर कळतो. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. ग्रिड कोलमडली, मुंबईतल्या लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि लॉकडाऊनच्या त्या काळात मोबाईलवर चाललेले वर्ग बंद पडले. त्या दिवशी ज्या घरात १२ व्होल्टची बॅटरी आणि राउटर एवढंच असतं, त्या घरातल्या मुलाचा वर्ग कदाचित चुकला नसता. सेहरीच्या वेळी दिवे गेले तर एक एलईडी सगळ्या घराला पुरतो.

सामान साधं आहे. पॅनल, चार्ज कंटrोलर, लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी, फ्यूज, आणि व्होल्ट-करंट मोजणारा सेन्सर. ईएसपी३२ दर मिनिटाला किती वीज आली, किती गेली याची नोंद ठेवेल आणि बॅटरी उतरत आली की आधी राउटर बंद करेल, दिवा शेवटपर्यंत चालू ठेवेल. आधी काय तोडायचं आणि काय राखायचं, हे ठरवणं म्हणजेच एम्बेडेड इलेक्ट्रॉनिक्स. मोठ्या सौर प्रकल्पातही कंट्रोलरचं काम याच जातीचं असतं, फक्त आकडे मोठे.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल जोडून बॅटरी बनवण्याची युक्ती इंटरनेटवर फार दिसते. संरक्षक सर्किट आणि फ्यूजशिवाय ती एका खोलीच्या घरात ठेवणं म्हणजे निखारा उशाशी घेणं आहे. बॅटरी अंथरुणापासून आणि दारापासून लांब ठेवा, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. दुसरं, इन्व्हर्टरची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचून घरात वीज सोडायची नाही. लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. जर्मनीत ८०० वॉटपर्यंतचं बाल्कनी-सोलर असं सॉकेटला जोडता येतं, पण तिथं त्यासाठी कायदा आहे आणि लाईन गेली की क्षणात बंद होणारी उपकरणं आहेत. आपल्याकडे ग्रिडला जोडायचं तर वीज कंपनीकडे अर्ज आणि नेट मीटर, हाच रस्ता.

मशिदीचं छत

खरी वीज मोठ्या छतावरच तयार होते. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पावसाळ्यात हे बरंच कमी होतं, मार्च ते मे भरून निघतं. मोहल्ल्यात हजार चौरस फुटांची मोकळी, सावली नसलेली आणि एकाच कारभाराखालची जागा कुणाकडे असते? बहुतेक वेळा मशिदीकडे.

इथं एक गंमत आहे. नमाजाचं वेळापत्रक मुळात सूर्याचाच हिशोब आहे. जवालची वेळ म्हणजे सूर्य डोक्यावर येण्याची वेळ, मुंबईत ती वर्षभरात साधारण बारा वीस ते बारा पंचावन्नच्या दरम्यान फिरते. जोहर त्यानंतर लगेच सुरू होते. म्हणजे शुक्रवारी जुम्याला पंखे, कूलर, ध्वनिवर्धक, वुझूखान्याचा पंप सगळं एकदम चालू असतं तेव्हाच पॅनलही भरात असतं. दिशा शोधायलाही होकायंत्र लागत नाही. मुंबईत किब्ल्याकडे तोंड करून उभे राहिलात की डावा हात जवळपास दक्षिणेला येतो, आणि पॅनलचं तोंड तिकडेच हवं.

दहा किलोवॉटचा संच महिन्याला सरासरी १,२०० युनिट देईल. तरावीहची वीज रात्री लागते, पण नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रिडला दिलेले युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतात. एक गोष्ट ट्रस्टींनी आधीच समजून घ्यावी. सूर्य घर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, मशिदीला ते मिळत नाही. गृहनिर्माण सोसायट्यांना मात्र लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. मिल्लतनगरसारख्या वसाहतीतल्या किंवा नोंदणी झालेल्या एसआरए सोसायट्यांनी हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घ्यायला हरकत नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरमध्ये अर्ज अदानी किंवा टाटा पॉवरकडे जाईल, मुलुंडमध्ये महावितरणकडे.

आणि मोठा संच बसेपर्यंत मुलांना मशिदीत एक काम देता येईल, ते म्हणजे वुझूच्या टाकीचा कंट्रोलर. टाकीतलं पाणी मोजणारा सेन्सर, ईएसपी३२ आणि पंपाचा स्टार्टर. टाकी भरली की पंप आपोआप बंद. पॅनल आले की त्याच बोर्डाला सांगायचं, पंप उन्हाच्या वेळीच चालव. स्टार्टरचं २३० व्होल्टचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. गच्चीवरून वाहत येणारं पाणी हा इस्राफ आहे, हे मिंबरवरून कितीदा तरी सांगितलं जातं. पंपालाही ते शिकवता येतं. आठशे वर्षांपूर्वी, १२०६ साली, इस्माईल अल-जझरीनं आपल्या यंत्रांच्या ग्रंथात वुझूसाठी आपोआप पाणी देणारं मोराचं यंत्र रचून दाखवलं होतं. वारसा नुसता मिरवायचा नसेल तर टाकीवर चढावं लागेल.

पवईत झालेलं काम

आयआयटी मुंबई अंधेरी आणि घाटकोपरच्या मधे, पवईत आहे. तिथल्या प्राध्यापक चेतन सिंह सोलंकी यांच्या 'सोल' उपक्रमातून महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशात विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर दिवे पोहोचले. विद्यार्थ्याला दिवा १२० रुपयांत मिळत होता. पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्यामागची पद्धत. दिवे तयार आणून वाटले नाहीत. गावातल्याच लोकांना जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं, म्हणून दिवा बिघडला की तो गावातच सुधारता आला.

साकीनाक्याच्या, कुर्ल्याच्या दुकानांत आपली पोरं भिंगाखाली मोबाईलचे बोर्ड सुधारतात. सोल्डरिंगचा त्यांचा हात कुठल्याही डिप्लोमावाल्याला लाजवेल. पॅनलचे जोड तपासणं, कंट्रोलर सुधारणं, धुळीनं किती वीज घटली हे मोजणं, ही कामं त्यांना महिन्या-दोन महिन्यांच्या सरावानं जमतील. ज्या शहरात पॅनल वाढणार आहेत तिथं ती सुधारणारे हातही लागणार आहेत. आपल्या शिक्षण संस्थांनी आयटीआयच्या धर्तीवर छोटा सौर अभ्यासक्रम चालवला तर या पोरांच्या हातात कागदही येईल.

मागणी कुणी करायची?

आयआयटी आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०१६ मध्ये अंदाज मांडला होता की बृहन्मुंबईच्या छतांवर सुमारे १,७२० मेगावॉट सौर क्षमता बसू शकते. उन्हाळ्यात मुंबईची मागणी आता ४,००० मेगावॉटच्या पुढे जाते. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या स्थानकांवर पॅनल आले. टॉवरवर येत आहेत. वस्तीवर मात्र येत नाहीत, कारण तिथलं छत कागदावर कुणाचंच नाही.

म्हणून मुलांच्या प्रकल्पाबरोबर मोठ्यांचाही एक प्रकल्प हवा. एका छतावर तयार झालेली वीज अनेक मीटरांच्या बिलांत वाटून वजा करता येते. दिल्लीनं २०१९ मध्येच त्यासाठी नियमावली केली. शाळेच्या, मशिदीच्या, पालिका मंडईच्या छतावरची वीज गावदेवी डोंगरीतल्या भाडेकरूच्या बिलापर्यंत कशी पोहोचेल, हा प्रश्न आपण नगरसेवकाला, आमदाराला आणि वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीत विचारला पाहिजे. दरवाढीवर आयोग हरकती मागवतो तेव्हा उद्योगांचे वकील फाईली घेऊन हजर असतात. मोहल्ल्यातून कुणी गेलंच तर हात रिकामे असतात.

यावेळी हात रिकामे नसावेत. पन्नास घरांतल्या मुलांनी वर्षभर मोजलेले आकडे, पंख्याचे, पंपाचे, गेलेल्या विजेचे, एका फाईलमध्ये असतील तर ती फाईल ऐकून घ्यावी लागेल. सुरुवात आज रात्रीच करता येईल. पंखा सोडून घरातलं सगळं बंद करा, पोराला मीटरसमोर उभं करा आणि दहा मिनिटं मोजायला सांगा.