गगनबावडा तालुक्यातील लहान वराहपालकांच्या मागण्यांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
(मा. तहसीलदार, गगनबावडा यांच्यामार्फत)

विषय : दोन ते दहा माद्या पाळणाऱ्या वराहपालकांना अनुदान, लसीकरण व नुकसानभरपाई मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे वराहपालक अल्पभूधारक किंवा भूमिहीन आहोत. मादी 114 दिवसांत विते, एका वेतात आठ-दहा पिल्ले होतात. कोंडा, भाजीपाला आणि खानावळीतील खरकटे यांवर ती वाढतात. भांडवल थोडे आणि पैसा लवकर हाती, म्हणूनच हा धंदा आम्हाला पेलतो.

योजना मात्र आमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला 50 टक्के अनुदान आहे. पण त्यातील लहानात लहान प्रकल्प 50 माद्या व 5 नरांचा. एवढी जागा आणि बँकेला द्यायला तारण आमच्यापैकी कोणाकडे नाही. जुलै 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा दिला. त्यात 200 वराहांपर्यंतचे पालनही आहे. त्याचा लाभ आम्हालाही मिळावा.

आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा रोग 2020 मध्ये देशात प्रथम आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला. तो माणसाला होत नाही, पण त्यावर उपचार नाही. बाधित जनावरे नष्ट करावी लागतात. आमच्याकडे रानडुकरे शेतशिवारात येतात. हा रोग आमच्या शेडमधून जंगलात आणि जंगलातून शेडमध्ये जाऊ शकतो. भरपाईची खात्री असेल तर पालक स्वतःहून वर्दी देईल. नसेल तर आजारी जनावर विकून मोकळा होईल आणि रोग पुढच्या गावात जाईल.

मोकाट डुकरांमुळे गावाला होणारा त्रास आम्हाला मान्य आहे. बंदिस्त पालन करण्याची आणि खरकटे उकळूनच घालण्याची जबाबदारी आम्ही घेतो. त्यासाठी आमच्या मागण्या अशा :

1. दोन ते दहा माद्यांच्या पालनासाठी पक्के शेड व विष्ठेचा खड्डा बांधण्यास जिल्हा वार्षिक योजनेतून अनुदान द्यावे.
2. ग्रामपंचायतींनी वस्ती व पाणवठ्यापासून दूर जागा नेमून द्यावी.
3. पावसाळ्यात पुराने कोल्हापूरचा रस्ता बंद होतो. म्हणून क्लासिकल स्वाइन फिव्हर या डुकरांच्या दुसऱ्या रोगाचे लसीकरण दरवर्षी मे अखेर पूर्ण करावे.
4. संशयित मर्तुकीचे नमुने तातडीने तपासणीस पाठवावेत. भरपाईचे दर प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावेत आणि रक्कम 30 दिवसांत खात्यावर जमा करावी.
5. किसान क्रेडिट कार्ड व पशुधन विमा यांसाठी तालुक्यात शिबिर घ्यावे. विम्याच्या हप्त्यात लाभार्थीचा हिस्सा 15 टक्के असल्याची माहिती गावोगावी द्यावी.
6. पशुवैद्यकीय तपासणीसह कत्तल व विक्रीची सोय करावी, म्हणजे दलालाने सांगितलेल्या भावात जनावर द्यावे लागणार नाही.

या मागण्यांवर पशुसंवर्धन विभाग, पंचायत समिती व अग्रणी बँक यांची संयुक्त बैठक पावसाळ्यापूर्वी बोलवावी आणि आमच्या प्रतिनिधींना तीत म्हणणे मांडू द्यावे, ही नम्र विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
गगनबावडा तालुक्यातील वराहपालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी :
1. मा. जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी, कोल्हापूर
2. मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, गगनबावडा