डोक्याला लागलं की मैदानाबाहेर!

फेब्रुवारी 1998. ढाक्यात क्लब क्रिकेटचा सामना रंगला होता. भारताचे क्रिकेटपटू रमण लांबा फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, फॉरवर्ड शॉर्ट लेगला येऊन उभे राहिले. कर्णधाराने हेल्मेटचं विचारलं. षटकाचे मोजकेच चेंडू उरले होते. तेवढ्यासाठी कशाला, म्हणून त्यांनी ते मागवलं नाही. एक फटका आला आणि चेंडू थेट डोक्यावर आदळला. लांबा स्वतःच्या पायांनी ड्रेसिंग रूमपर्यंत चालत गेले. 23 फेब्रुवारीला ते गेले. वय 38.

‘तेवढ्यासाठी कशाला’ हे आपण रोज म्हणतो. कोपऱ्यावरून दूध आणायचंय, लेकीला क्लासला सोडायचंय. हेल्मेट हँडलला लटकतं, नाहीतर डोक्यावर असतं पण पट्टा उघडा. असं हेल्मेट पहिल्याच धक्क्यात उडून जातं आणि डोकं तसंच रस्त्यावर आपटतं. 2022 या एका वर्षात हेल्मेट न घातलेले 50,029 जण देशाच्या रस्त्यांवर मेले. त्यातले 14,337 मागे बसलेले होते. म्हणजे कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचं शाळकरी पोर. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागचीचं डोकं उघडं, हे चित्र आपल्याला खटकत कसं नाही? मोटारीतही तेच. त्याच वर्षी सप्टेंबरात पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले, मागच्या सीटवरचे दोघे गेले. त्या दोघांनी सीट बेल्ट लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

हेल्मेट कवटी वाचवतं, पण आतला हेलकावा पूर्ण थांबवू शकत नाही. धक्का बसताच कवटी जागच्या जागी थांबते, मेंदू थांबत नाही. तो आतल्या आत आपटतो, पिळवटतो. बाहेर साधं खरचटलेलंही नसतं, म्हणूनच आपण फसतो.

जत्रेतल्या कबड्डीत हे डोळ्यांसमोर घडतं. चढाईला गेलेल्या पोराच्या कानशिलात गुडघा बसतो. पोरगं मातीत पडतं, डोळे पांढरे होतात. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा हुंगवतं. ‘काय नाय झालं, उठ रे वाघा!’ ते उठतं. आपलं अंगण कुठलं हेही त्याला धड उमगत नाही, तरी टाळ्यांच्या कडकडाटात ते पुन्हा चढाईला जातं. या टाळ्या त्याच्या जिवावर उठू शकतात. पहिल्या माराने हादरलेल्या मेंदूला दुसरा, अगदी हलका फटकाही सोसत नाही. संघात बारा जण असतात, सात खेळतात. उरलेले पाच कशासाठी बसवले आहेत?

2019 मध्ये लॉर्ड्सवरच्या कसोटीत इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणी झाली, तो पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी मात्र मेंदूला धक्का बसल्याची लक्षणं दिसली आणि त्याला सामन्याबाहेर काढलं. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. मेंदूला धक्का बसलेल्याच्या जागी उतरलेला कसोटीतला हा पहिला बदली खेळाडू. डॉक्टर उशाशी असताना जे पहिल्या दिवशी कळलं नाही, ते आपण दोन मिनिटांत ओळखणार?

कानशिलाच्या हाडाखाली एक रक्तवाहिनी असते. ती फाटली तर माणूस आधी शुद्धीवर येतो, नीट बोलतो, घरी जाऊन जेवतोही. आत गुठळी वाढत असते. ‘दमलाय, झोपू दे’ म्हणून घरचे दिवा मालवतात. ही गुठळी वेळेत काढली तर माणूस वाचू शकतो, म्हणून ती रात्र डोळ्यांत तेल घालून काढा. डोकेदुखी वाढतेय, पुन्हा पुन्हा उलटी होतेय, बोलणं अडखळतंय, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय, हाक मारून धड जाग येत नाही, फिट आली, कानातून किंवा नाकातून पाणी-रक्त आलं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. रस्त्यावरच्या जखमीसाठी फोन करायला तर मुळीच कचरू नका. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ चं संरक्षण आहे.

जे वाचतात त्यांच्या घरी जाऊन बघा. शांत स्वभावाचा बाप भांडं पडलं तरी ओरडतो. हुशार पोराला कालचं आठवत नाही. ‘माणूस हाती लागला, पण पहिल्यासारखा नाही’ असं बायका हळू आवाजात सांगतात. या दुखण्याला प्लास्टर नसतं, त्यामुळे नोकरीवरचे साहेबही त्याला नाटक म्हणतात.

मंडळांनो, क्रीडाशिक्षकांनो, गोविंदा पथकांच्या प्रशिक्षकांनो, हे तुमच्या हातात आहे. येत्या हंगामात स्पर्धेच्या पत्रकावर बक्षिसाच्या रकमेखाली एक ओळ ठळक छापा: डोक्याला मार बसलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही, आणि नंतरही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. सामन्याआधी ती माईकवरून वाचून दाखवा. खेळाडूला बाहेर काढण्याचा अधिकार पंचांना लेखी द्या. रुग्णवाहिका कुठे उभी राहील आणि रात्री सीटी स्कॅन कुठे चालू असतो, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.