मोबाइलमधील मयसभा

मयासुराच्या सभेंत दुर्योधनास जमिनीच्या जागीं पाणी दिसलें आणि पाण्याच्या जागीं जमीन. तसली सभा आतां पुष्कळशा मोबाइलांत उघडतां येते. कॅमेरा रिकाम्या कोपऱ्याकडे धरावा, ॲपमधून सोफा निवडावा, कीं तो आपल्याच फरशीवर मांडलेला दिसूं लागतो. या युक्तीस 'ऑगमेंटेड रिॲलिटी' म्हणतात. १९९२ सालीं बोइंग विमान-कारखान्यांतील टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल यांनीं तिच्यावर निबंध लिहिला, तो कारखान्यांतील कामगारांच्या सोयीसाठीं. पुढें ती दिवाणखान्यांत शिरली. आयकिया या स्वीडिश कंपनीनें २०१७ सालीं काढलेल्या ॲपमध्यें सुमारें २,००० वस्तु होत्या, व आकार शेंकडा ९८ अचूक दिसतो असें तिचें सांगणें होतें. उरलेले शेंकडा दोन सहा फुटांच्या सोफ्यांत जवळजवळ दीड इंच होतात; दाराच्या चौकटीशीं दीड इंचाला काय मोल असतें, तें सुतारास विचारावें.

मोबाइल मोजतो कसा? फरशीवरील डाग, सांधे, कडा अशा खुणा तो हेरतो, आणि हात हलला म्हणजे त्या कशा सरकतात यावरून अंतर ताडतो. म्हणून सांधे दिसणारी शहाबादी फरशी त्याला मानवते. चकचकीत टाइल किंवा कोरी पांढरी भिंत यांपुढें तो गोंधळतो. माप दिवसाउजेडीं घ्यावें व टेपनें पडताळून पाहावें, इतकें पुरे.

आमचा खरा आक्षेप मापाबद्दल नाहींच. जळगांव जामोदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवीं मुलगा-सून पुण्यास आणि आईवडील जुन्या घरांत, अशीं बिऱ्हाडें आतां पुष्कळ. सणापूर्वीं घर सजवावें या सद्भावनेनें सून घरच्या एखाद्या मुलाला मोबाइल धरावयास सांगते आणि पुण्यांत बसून सोफा पसंत करते. चित्र खरोखरच सुरेख दिसतें. पण जाड भिंतींच्या घराचें दार अडीच फुटांचें असलें, तर खोलींत सहज मावणारा सोफा आडवा-उभा करूनही दारांतून येत नाहीं, अंगणांतच राहतो. रेल्वेनें यावयाचें तर नांदुऱ्यास उतरावें लागतें. अशा ठिकाणाहून जड सामान परत धाडणें किती त्रासाचें, तें सांगावयास नको.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट चित्रांत मुळींच येत नाहीं. सासूबाई रात्रीं उठतात तेव्हां दिवा लावीत नाहींत. भिंतीला हात लावीत न्हाणीघरापर्यंत जातात. ती भिंत हीच त्यांची काठी. तिच्या कडेनें सोफा, टीपॉय, टीव्हीचें कपाट अशी रांग लागली, कीं चाळीस वर्षांच्या ओळखीची वाट एका दिवसांत नाहींशी होते. त्या वयांत पडल्यास खुब्याचें हाड मोडूं शकतें. बैठक किती खोल दबते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तींतून उठतां येईल कीं नाहीं, हेंही कळत नाहीं. ॲपमधल्या सोफ्यावर कोणी बसत नाहीं. (सासूबाई मात्र "छान आहे हो, सूनबाई" असेंच म्हणतील. हौसेनें वस्तु धाडणाऱ्या सुनेला दुसरें काय सांगावें?)

शिवाय वऱ्हाडांत भाद्रपदांत महालक्ष्म्या बसतात. त्या तीन दिवसांत हीच खोली मोकळी करून आरास व पंगत मांडावयाची असते. सतरंजी गुंडाळतां येते. सोफा कोठें गुंडाळावा?

तरीही ॲप टाकाऊ नव्हे. रंग व घाट त्यांतच निवडावा, लांबी-रुंदी उतरून घ्यावी, आणि तेवढा चौकोन रांगोळीच्या बारीक रेघेनें फरशीवर आंखावा. चार दिवस तो पुसूं नये. रात्रींतून जी बाजू फिसकटेल, तेथून घरची वाट जाते. तेवढी जागा सोडून सोफा पुन्हां आंखावा, दाराचें माप सोबत लिहावें, आणि मग पुण्यास कळवावें.