परवाना तिचा, कपाट मालकाचे

गेल्या पंधरवड्यात एका यंत्रमाग कामगाराची मुलगी वडिलांसह आमच्याकडे सल्ला विचारावयास आली होती. परिचर्येची तीन वर्षांची पदविका तिने पुरी केली, परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत तिचे नाव चढले आणि एका खाजगी रुग्णालयात नोकरीही लागली. रुजू होतानाच रुग्णालयाने तिची मूळ गुणपत्रके व नोंदणी प्रमाणपत्र ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतले आणि दोन वर्षांच्या करारावर सही घेतली. आता शासकीय भरतीत मूळ कागद दाखविण्याची तारीख जवळ आली आहे आणि रुग्णालय म्हणते, मुदत पुरी कर, नाहीतर पन्नास हजार भर. वडिलांनी विचारले, “सर, लायसन पोरीचं, मग ते त्यांच्या कपाटात कसं?”

कायद्याने पाहिले तर ते त्या कपाटात असण्याचे काहीच कारण नाही. करारभंग झाला असे मालकाला वाटत असेल तर त्याने दिवाणी न्यायालयात जावे. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम असे सांगते की, करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा होय. त्या मर्यादेत न्यायालयाला वाजवी वाटेल तेवढेच मालकाच्या पदरी पडते. कागद अडवून ठेवण्यामागील हेतू न्यायालयाची ही पायरी टाळण्याचाच असतो.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात परवान्याची कथा निराळी असते. परवान्यामुळे धंद्यात शिरणाऱ्यांची संख्या मर्यादित राहते, म्हणून परवानाधारकाचा मोबदला वाढतो, असे आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे शिकविले. वकील-डॉक्टरांच्या बाबतीत ते पुष्कळसे खरेही ठरले. परिचारिकेच्या बाबतीत मात्र नोंदणी व नूतनीकरणाचा खर्च आणि दंडाची भीती तेवढी तिच्या वाट्याला येते. एकीकडे खाजगी महाविद्यालयांचे पीक आले आहे, दुसरीकडे अर्धशिक्षित मुलींना पांढरा पोशाख चढवून ‘सिस्टर’ म्हणून उभे करणारी लहान रुग्णालये आहेत आणि तिसरीकडे, एखाद्या गावात तिच्या श्रमाचे खरेदीदार दोन-चारच असतात व ते एकमेकांना ओळखतात. श्रमाचा खरेदीदार एकच असला म्हणजे वेतन कसे दबते, याचे विवेचन जोन रॉबिन्सनबाईंनी १९३३ सालीच केले होते. आमच्या तालुक्यांत त्यासाठी वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

शासनाला हे ठाऊक नाही असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी परिचारिकांच्या वेतनाचे कोष्टकच दिले: दोनशेहून अधिक खाटा असतील तेथे शासकीय परिचारिकेइतके, शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयात त्याहून फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांना पंचवीस टक्के कमी आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी दरमहा वीस हजारांपेक्षा खाली नाही. परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे, आणि आरोग्य हा राज्यांचा विषय म्हणून केंद्राने त्या राज्यांकडे पाठवून दिल्या. केरळात परिचारिकांची संघटना लढली, म्हणून एप्रिल २०१८ मध्ये तेथील सरकारला किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा केला. शिक्षणाचा दर्जा व राष्ट्रीय नोंदवही यांची त्यात तपशीलवार तरतूद आहे. वेतनाचा विषय त्याच्या कक्षेतच नाही. कोणी काम करावे हे राज्यसंस्था ठरविणार आणि कोणत्या अटींवर करावे हे मालक ठरविणार, अशी ही वाटणी आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने रुग्णालय हा ‘उद्योग’ ठरला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने मुख्यतः धर्मादाय वा समाजसेवेचे कार्य करणाऱ्या संघटनांच्या संस्था उद्योगाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. महाराष्ट्रातील किती मोठी रुग्णालये सार्वजनिक न्यासांच्या नावावर चालतात, हे वाचकांना सांगावयास नको. तेथील बिल पाहिलेल्या माणसाला धर्मादाय हा शब्द कानाला कसा लागतो, तेही नको. या व्याख्येचा आधार घेऊन उद्या व्यवस्थापनाने परिचारिकेला औद्योगिक न्यायाधिकरणाच्या दारातूनच परत पाठविण्याचा प्रयत्न केला, तर आमच्या कामगार आघाडीचे उत्तर तयार आहे काय?

सरकारी नोकरी हा सुटकेचा मार्ग, असे त्या मुलीला वाटते. पण मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या त्या बाह्य यंत्रणेमार्फत होणाऱ्या भरतीच्या विरोधातच, हेही विसरता येत नाही.

प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या रुग्णालयांत कोणाकोणाचे मूळ कागद अडकले आहेत, याची यादी करावी. कागद परत मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवून त्याची प्रत परिषदेस व कामगार कार्यालयास द्यावी. त्या मुलीच्या पत्राचा मसुदा परवा तयार झाला. तिच्याबरोबर रात्रपाळी करणाऱ्या आणखी चौघी त्यावर सही करावयास तयार आहेत. त्यांचेही कागद त्याच कपाटात आहेत.