ताप न्यूमोनियाचा की बुरसलेल्या वैरणीचा?

अवकाळी पावसात भिजलेली कडब्याची गंजी उकलली असता तिच्यातून पांढरट भुकटी उधळते व कुबट वास येतो. ते काम करणाऱ्या एखाद्यास त्याच सायंकाळी हुडहुडी भरून ताप येतो, कोरडा खोकला लागतो व दम लागतो. क्ष-किरण चित्रात डाग दिसतात, न्यूमोनियाचे निदान होते, प्रतिजैविके दिली जातात आणि दोन दिवसांत रोगी उठून बसतो. औषध लागू पडले असे सर्वांस वाटते. वस्तुतः गुण येण्याचे कारण एवढेच असू शकते की, ते दोन दिवस तो गंजीकडे फिरकला नाही.

या विरळ विकारास ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ असे म्हणतात. इंग्लंडमधील वेस्टमोरलंड परगण्यात बुरसलेले गवत हाताळणाऱ्या मजुरांत कॅम्पबेल या डॉक्टरांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. ओलसर गवत रचले म्हणजे ते आतून तापते, आणि त्या उष्णतेत वाढणारे सूक्ष्मजीव असंख्य बीजाणू सोडतात. हे बीजाणू फुप्फुसात संसर्ग करीत नाहीत. त्यांच्याविरुद्ध शरीर जो अतिरेकी प्रतिकार करते त्यानेच दाह होतो. साहजिकच हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही. बुरसलेल्या उसाच्या चोथ्यापासूनही असाच विकार होतो. तेव्हा ऊस पिकविणाऱ्या महाराष्ट्राने तो परका मानू नये.

निदानाची किल्ली बहुधा रोग्याच्या दिनक्रमात सापडते. धूळ अंगावर घेतल्यापासून चार ते आठ तासांनी ताप येणे, आणि तेच काम पुन्हा केल्यावर तोच ताप पुन्हा येणे, ही मोठी खूण होय. ही हकीकत डॉक्टरांस न विचारता सांगावी. रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचणीवर मात्र सर्वस्वी विसंबता येत नाही, कारण धुळीशी संबंध आलेल्या निरोगी माणसातही ती आढळतात. थुंकीची तपासणी टाळणे तर सर्वथा गैर. क्षय नसता त्याची औषधे महिनोन्‌महिने घेणे जितके वाईट, तितकेच क्षय असता तो न ओळखता दाहशामक स्टेरॉइड घेणे घातक आहे. दुखणे वारंवार उलटत राहिले तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडतात, व ते कोणत्याही औषधाने भरून येत नाहीत.

जनावराचे पोट बिघडेल म्हणून बुरसलेली वैरण निवडून टाकणारा शेतकरी ती निवडताना स्वतःच्या छातीचा विचार करीत नाही, हे नवलच! वैरण पुरती वाळल्याखेरीज रचू नये. बुरसलेली गंजी उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहून, पाणी शिंपडून उकलावी. तोंडास बांधलेल्या उपरण्याने हे बीजाणू अडत नाहीत. त्यासाठी घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा वापरावा. ज्यास एकदा हा विकार जडला आहे, त्याने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.