कामगारनगरीतील मुलांच्या मनाचा वाली कोण?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि माळरानावर उद्योगनगरीचा पाया घातला गेला. १९८२ मध्ये महापालिका आली आणि नव्या शतकात मोटारउद्योगाने थेट चाकणपर्यंत विस्तार केला. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर पोहोचली होती. या वाढीचा हिशेब रस्ते, पाणी आणि वाहतूक कोंडीच्या भाषेत नेहमीच मांडला जातो. मात्र याच पट्ट्यात वाढणाऱ्या मुलांच्या मानसिक आरोग्याची नोंद कोणाच्या वहीत आहे, असा प्रश्न केल्यास समाधानकारक उत्तर मिळत नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के असल्याचे नोंदविले. महानगरांत ते जवळपास दुप्पट होते. या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, हे विशेष. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. अशी एखादी घटना घडली की परीक्षा, मोबाइल आणि ऑनलाइन खेळ यांवर आठवडाभर चर्चा झडते. नंतर सारे शांत होते.

या औद्योगिक पट्ट्याचे काही प्रश्न त्याचे स्वतःचे आहेत. येथील घराचे घड्याळ कारखान्याच्या भोंग्यावर चालते. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपणार, आई कामावर किंवा घरकामाला जाणार आणि मराठवाडा, विदर्भ वा उत्तर भारतातून आलेल्या या कुटुंबात आजी-आजोबा गावीच राहिलेले. मूल गप्प झाले, शाळा बुडवू लागले, तर ते लक्षात येण्याइतका वेळ घरात कोणाकडेच नसतो. दुसरीकडे म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी परिसरात एकेका खोलीत चार-सहा जणांनी राहणारे, आयटीआय संपवून आलेले तरुण आहेत. काही महिन्यांचे कंत्राट, मग ‘ब्रेक’, मग नवा कंत्राटदार, हे चक्र त्यांच्या वाट्याला येते. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून ते बालकांच्या योजनांत बसत नाहीत आणि कायम कामगार नाहीत म्हणून कंपनीच्या सोयींतही बसत नाहीत.

योजना नाहीत असे नव्हे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे, किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून, तर ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. येरवड्याचे मनोरुग्णालय तर त्याहून कितीतरी जुने. परंतु या बहुतेक व्यवस्था रुग्णाने आपल्या दारी यावे, अशा गृहीतकावर उभ्या आहेत. त्यातही महापालिकेची हद्द संपली की जिल्हा परिषदेचे क्षेत्र सुरू होते. चिखलीत राहणारे कुटुंब चाकणला कामाला जाते, उद्या खोली स्वस्त मिळाली म्हणून कुरुळीत राहायला जाते. कागद मात्र हद्द ओलांडत नाही.

ही दरी भरून काढू शकतो तो वस्तीत फिरणारा, प्रशिक्षित सामुदायिक मानसिक आरोग्य कार्यकर्ता. तो औषध देत नाही आणि निदानाचा शिक्काही मारत नाही. ऐकून घेणे, अडचणीची उकल करण्यास मुलाला मदत करणे, पालकांशी बोलणे आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञापर्यंत हाताला धरून नेणे, हे त्याचे काम. ही कल्पना स्वप्नाळू नाही. १९९६ पासून गोव्यात कार्यरत असलेल्या ‘संगाथ’ने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रशिक्षित बिगरतज्ज्ञ समुपदेशकांनी काम केलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे घटली. तेच काम शिक्षकांवर सोपविलेल्या शाळांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. सर्वेक्षणे आणि निवडणुकांची कामे वाहणाऱ्या शिक्षकांवर आणखी एक ओझे टाकू पाहणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात घ्यावा. इंग्लंडनेही २०१७ च्या धोरणपत्रानंतर शाळांसाठी अशा प्रशिक्षितांची स्वतंत्र फळी उभारली.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमण्यास सांगितले. निर्देश स्वागतार्ह आहे. धोका आहे तो कागदोपत्री नेमणुकांचा. शिवाय शाळा सोडलेला मुलगा आणि कंत्राटावरील तरुण या आदेशाच्या कक्षेत येतच नाहीत.

या कामाला मर्यादाही आहेत. मुलाला ‘तुझी गोष्ट कोणालाही सांगणार नाही’ असे सरसकट वचन देता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यान्वये ती कळविणे बंधनकारक आहे. हे पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगणे, हा या पेशातील प्रामाणिकपणा होय. कार्यकर्त्यावर तज्ज्ञाची नियमित देखरेख हवी, अन्यथा चार दुःखे ऐकून तोच खचेल. आणि अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेला कार्यकर्ता असुरक्षित नोकरीने त्रासलेल्या तरुणाला धीर देणार, ही विसंगतीही टाळावी लागेल. समुपदेशन हा न्याय्य वेतनाला पर्याय नाही, याचेही भान हवे.

तेव्हा महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी मिळून या पट्ट्यासाठी एकच यंत्रणा उभारणे, पाळ्यांचे वेळापत्रक पाहून सायंकाळी व रविवारी केंद्रे उघडी ठेवणे आणि पदे कायम करणे, हा किमान कार्यक्रम ठरतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार पात्र उद्योगांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते व त्यात आरोग्य बसते. यंत्राची देखभाल ते बंद पडण्याआधी करायची असते, हे या नगरीतील प्रत्येक कामगार जाणतो. तोच नियम त्याच्या मुलांना लागू करण्यास आणखी किती आत्महत्यांची वाट पाहायची, याचे उत्तर लोकप्रतिनिधी आणि उद्योजक या दोघांनीही द्यायचे आहे.